माशांच्या रक्तांतील तांबड्या पेशींचें राखणदारीचें काम

लेखक : एक पेन्शनर अव्वल कारकून

मासा निरोगी आहे कीं आजारी हें पाहावयाचें झाल्यास अनुभवी मत्स्यपालक प्रथम त्याच्या कल्ल्यावरील झांकण उचलून आंत पाहतो. कल्ले लालभडक असले म्हणजे मासा धडधाकट; ते फिकट, पांढुरके अथवा तपकिरी दिसूं लागले म्हणजे कांहींतरी बिघडलें, असा ठोकताळा आहे. कल्ल्यांचा हा लाल रंग रक्ताचा, आणि रक्ताचा रंग त्यांतील तांबड्या पेशींचा होय. या पेशींचें काम काय, असें शाळेंतील मुलास विचारलें तरी तो सांगेल कीं, प्राणवायु वाहून नेणें. हें उत्तर खोटें नाहीं. परंतु माशांच्या बाबतींत तें अर्धेंच आहे, असें गेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या संशोधनानें दिसून आलें आहे. माशाची तांबडी पेशी प्राणवायूचा हमाल तर आहेच. पण रोगाची चाहूल घेणारी, इतरांस वर्दी देणारी व प्रसंगीं शत्रूशीं स्वतः झुंजणारी अशी ती राखणदारही आहे.

आमच्या पुष्कळ शेतकरी बंधूंनीं शेततळ्यांत रोहू, कटला व मृगळ सोडण्यास आरंभ केला आहे. गाईबैलांच्या आजारांची माहिती पिढ्यान्‌पिढ्या घरांत असते. माशांची तशी नसते. म्हणून माशाचें शरीर रोगाशीं कसें लढतें, आणि त्या लढाईंत त्याचें रक्त कोणतें काम करतें, हें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

माणसाची पेशी व माशाची पेशी

हॉलंडांतील लेव्हेनहूक या गृहस्थानें स्वतः घांसलेल्या भिंगांतून मनुष्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी पाहून त्यांचें वर्णन १६७४ सालीं केलें. मनुष्याची तांबडी पेशी वाटोळी व दोन्ही बाजूंनीं मध्यें दबलेली असते. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील सात-आठ भागांएवढी तिची रुंदी भरेल. माशाची तांबडी पेशी मात्र लांबट अंडाकृति असते, व तिच्या मधोमध एक गडद ठिपका दिसतो. या ठिपक्यास केंद्रक म्हणतात. बेडूक, सरडा, साप व पक्षी यांच्या तांबड्या पेशींतही असें केंद्रक असतें. आपल्या परसांतील कोंबडीच्या रक्तांतही तें आढळेल. गाय, म्हैस, शेळी व मनुष्य या सस्तन प्राण्यांच्या पक्व तांबड्या पेशींत मात्र तें नसतें.

केंद्रक म्हणजे काय, हें समजण्यास गांवच्या दप्तराची उपमा बरी पडेल. कोणती जमीन कोणाची, आकार किती, हक्क कोणाचा, हें सर्व दप्तरांत नोंदलेलें असतें. दप्तर जवळ असेल तर तलाठ्यास उतारा देतां येतो, नोटीस काढतां येते, नव्या प्रसंगास नवी व्यवस्था लावतां येते. दप्तर नसेल तर तलाठी कितीही हुशार असला तरी हातांतील काम पुरें करण्यापलीकडे त्यास कांहीं करतां येत नाहीं. प्राण्याच्या पेशींतील दप्तर डी. एन. ए. या द्रव्याचें असतें व तें केंद्रकांत ठेवलेलें असतें. पेशीस एखादें नवें द्रव्य तयार करावयाचें असलें म्हणजे त्या दप्तरांतील नेमक्या नोंदीची नक्कल निघते व त्या नकलेबरहुकूम द्रव्य तयार होतें.

मनुष्याची तांबडी पेशी हाडांतील मगजांत तयार होते, व रक्तांत उतरण्यापूर्वींच आपलें केंद्रक बाहेर टाकून देते. त्यामुळें प्राणवायु धरणाऱ्या हिमोग्लोबिनास अधिक जागा मिळते. पण अशा पेशीस नवें हुकूमपत्र काढतां येत नाहीं. सुमारें १२० दिवस ओझें वाहून ती जीर्ण होते व प्लीहा आणि यकृत यांत मोडली जाते. माशाच्या हाडांत रक्त तयार करणारा मगज नसतो. त्याच्या मूत्रपिंडाचा डोक्याकडील भाग व प्लीहा हीं रक्त तयार करण्याचीं मुख्य ठिकाणें होत. तेथून निघालेली तांबडी पेशी आपलें दप्तर जन्मभर बरोबर बाळगते.

पुष्कळ काळपर्यंत विद्वानांची अशी समजूत होती कीं, हें दप्तर बांधून ठेवलेलें आहे, तें कोणी उघडीत नाहीं. रोगाशीं लढण्याचें काम पांढऱ्या पेशींचें, व तांबड्यांनीं प्राणवायु वाहावा, अशी वांटणी ठरून गेली होती. पुढील प्रयोगांनीं ही समजूत बदलली.

दप्तर उघडतें तेव्हां

हे प्रयोग बहुतांशीं ट्राऊट व सालमन या माशांवर झाले आहेत. ट्राऊट हा थंड गोड्या पाण्यांतील मासा असून आपल्या देशांत काश्मीर, हिमाचल व निलगिरी येथें तो पाळतात. सालमन हा त्याचाच भाऊबंद. नॉर्वे, स्कॉटलंड व चिली या देशांत समुद्रांत मोठमोठीं जाळीं बांधून त्याची शेती करतात. या माशांचा व्यापार मोठा असल्यामुळें त्यांच्या रोगांचा अभ्यासही कसून होतो.

पहिली गोष्ट गिळण्याची. शरीरांत शिरलेला जंतु गिळून टाकणें हें कांहीं जातींच्या पांढऱ्या पेशींचें प्रसिद्ध काम आहे. इटलींतील संशोधकांनीं २००२ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, इंद्रधनुषी ट्राऊटच्या तांबड्या पेशीही यीस्ट जातीच्या एका बुरशीच्या कणांस चिकटतात व त्यांस पोटांत घेतात.

दुसरी गोष्ट ओळखण्याची. विषाणु हा इतका लहान असतो कीं साध्या सूक्ष्मदर्शकांतून तो दिसत नाहीं, व दुसऱ्याच्या पेशींत शिरल्यावांचून त्याची वाढ होत नाहीं. पुष्कळ विषाणु वाढत असतां आर. एन. ए. नांवाच्या द्रव्याचे दुपदरी धागे तयार होतात. निरोगी पेशींत असे लांब दुपदरी धागे सहसा नसतात. म्हणून तेच शत्रूची खूण ठरतात. ही खूण ओळखणारी यंत्रणा माशाच्या तांबड्या पेशींत आढळली. संशोधकांनीं विषाणूच्या जागीं तशाच दुपदरी धाग्यांचें कृत्रिम द्रव्य घेतलें व तें ट्राऊटच्या आणि कोंबडीच्या तांबड्या पेशींस दिलें. पेशींचें दप्तर तत्काळ उघडलें व विषाणूच्या प्रतिकारास लागणाऱ्या कित्येक नोंदींच्या नकला निघूं लागल्या. हें काम २०११ सालीं प्रसिद्ध झालें.

तिसरी गोष्ट वर्दी देण्याची, आणि सर्वांत महत्त्वाची हीच. विषाणूचा उपद्रव झालेली पेशी इंटरफेरॉन नांवाचें द्रव्य बाहेर सोडते. हें द्रव्य आयझॅक्स व लिंडेनमन या दोघांनीं १९५७ सालीं लंडन येथें कोंबडीच्या अंड्यांतील पडद्यांवर प्रयोग करीत असतां शोधून काढलें. इंटरफेरॉन स्वतः विषाणूस मारीत नाहीं. तें गांवांतील दवंडीसारखें आहे. दवंडी ऐकून जसे लोक दारें लावून घेतात, तशा शेजारच्या पेशी आपापल्या ठिकाणीं विषाणूस अडविणारीं द्रव्यें तयार करून ठेवतात. माशाच्या तांबड्या पेशी ही दवंडी पिटूं शकतात.

याचें एक चांगलें उदाहरण स्पेनमधील संशोधकांनीं २०१७ सालीं दिलें. ट्राऊट व सालमन यांच्या पिलांत स्वादुपिंडाचा नाश करणारा एक विषाणु आहे. तो ट्राऊटच्या तांबड्या पेशींत वाढूं शकत नाहीं. तरीही त्याचा नुसता संसर्ग होतांच या पेशींनीं प्रतिकाराचीं द्रव्यें तयार केलीं. पुढें ज्या द्रवांत त्या पेशी ठेवल्या होत्या तो द्रव सालमनच्या दुसऱ्या पेशींवर घातला असतां त्या पेशींस विषाणूपासून कांहीं अंशीं संरक्षण मिळालें. म्हणजे राखणदाराच्या घरांत चोर शिरला नव्हता. तरी त्यानें चोर पाहिला व आळीस जागें केलें.

चौथी गोष्ट पुरावा दाखविण्याची. पकडलेल्या शत्रूचा तुकडा पेशीच्या पृष्ठभागावर मांडून तो शिकाऱ्या पांढऱ्या पेशींस दाखविणें ही प्रतिकाराची एक मोठी पायरी आहे; मुद्देमाल पंचांपुढें ठेवावा तसेंच हें. यासाठीं लागणारीं कांहीं द्रव्यें माशाच्या तांबड्या पेशीवर असतात, व रक्तस्राव करणाऱ्या एका विषाणूशीं गांठ पडल्यावर तीं वाढतात, असें २०१९ सालीं ट्राऊटवरील प्रयोगांत दिसलें.

यावरून पांढऱ्या पेशींचें महत्त्व कमी होतें असें कोणी समजूं नये. जंतूंचा फडशा पाडण्यांत व पूर्वीचा रोग लक्षांत ठेवण्यांत त्यांचीच सत्ता आहे. परंतु रक्तांतील पेशींत तांबड्यांची संख्या कितीतरी पट अधिक असते, आणि त्या कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सर्वत्र अखंड फिरत असतात. एकेका पेशीचें काम लहान असलें तरी सगळ्या गांवानें मिळून घातलेल्या गस्तीसारखी त्याची बेरीज मोठी होते. वरील प्रयोगांपैकीं पुष्कळसे कांचेच्या बशींत केलेले आहेत. जिवंत माशांत काय घडतें तें नॉर्वेंतील एका रोगावरून अधिक स्पष्ट होतें.

राखणदाराच्याच घरांत चोर

नॉर्वेच्या सालमन-शेतींत १९९९ सालीं एक नवा रोग आढळला. मासे समुद्रांत सोडल्यावर बहुधा पांच ते नऊ महिन्यांनीं त्यांच्या हृदयास व अंगाच्या मांसास दाह होऊन ते मरूं लागत. कांहीं जाळ्यांत शंभरांतील वीसपर्यंत मासे दगावत. २०१० सालीं या रोगाशीं संबंध असलेला एक विषाणु सांपडला, व २०१७ सालीं शुद्ध केलेला तोच विषाणु माशांस टोंचून रोगाचें कारण तोच होय हें सिद्ध करण्यांत आलें.

हा विषाणु वाढतो कोठें, याचा शोध घेतां २०१४ सालीं विलक्षण गोष्ट उघडकीस आली. त्याचें मुख्य ठाणें तांबड्या पेशींतच होतें. संसर्गाचा जोर असतां रक्तांतील निम्म्याच्या आसपास तांबड्या पेशींत तो आढळला. विषाणूस वाढण्यासाठीं नकला करणारी चालू कचेरी हवी असते. ती माशाच्या तांबड्या पेशींत असते, मनुष्याच्या पेशींत नसते. दप्तर बाळगण्याचा लाभ आहे तसा हा तोटाही आहे.

पण पेशी स्वस्थ बसत नाहींत. विषाणु आंत शिरल्यावर त्या प्रतिकाराच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर उघडतात, हें २०१५ सालच्या संशोधनांत दिसलें. पुढें विषाणूची पैदास मंदावते. परंतु तो समूळ जात नाहीं, रक्तांत दीर्घकाळ दबून राहतो. पुढील वर्षीं एक उपयुक्त निरीक्षण झालें. ज्या सालमनांस या विषाणूचा संसर्ग होऊन कांहीं आठवडे लोटले होते, त्यांस स्वादुपिंडाच्या दुसऱ्या एका विषाणुजन्य रोगाची बाधा कमी झाली. दुसरा शत्रु आला तेव्हां रक्तांतील दवंडी चालूच होती, असा त्याचा सरळ अर्थ संशोधक लावतात.

सालमनचा दुसरा एक भयंकर रोग १९८४ सालीं नॉर्वेंतच प्रथम दिसला. त्यांत माशाचें रक्त अतिशय कमी होऊन कल्ले पांढरे पडतात. म्हणून त्यास सालमनचा सांसर्गिक पांडुरोग म्हणतां येईल. हाच रोग २००७ सालीं चिली देशांत पसरला व तेथील सालमन-धंद्याची मोठी हानि होऊन हजारों कामकऱ्यांचा रोजगार बुडाला. याही रोगाचा विषाणु तांबड्या पेशींत वाढूं शकतो, व त्या पेशी त्याविरुद्ध इंटरफेरॉनची नोंद उघडतात, असें २००८ सालीं दाखविण्यांत आलें. हे रोग थंड समुद्रांतील सालमनचे आहेत, आपल्या रोहू-कटल्याचे नव्हेत. परंतु त्यांपासून मिळणारा धडा सर्वांच्या उपयोगाचा आहे. वरून धडधाकट दिसणारा मासाही रक्तांत रोग बाळगून असूं शकतो, हा तो धडा.

लसीच्या कामीं उपयोग

माशांस लस टोंचण्याची चाल सालमनच्या शेतींत रूढ झाली आहे. तींपैकीं एक नवी तऱ्हा अशी कीं, विषाणूच्या एका निरुपद्रवी भागाची नुसती नोंद, म्हणजे डी. एन. ए.चा तुकडा, माशाच्या मांसांत टोंचावयाचा. माशाच्या पेशी ती नोंद वाचून तो भाग स्वतः तयार करतात, व शरीर त्यास ओळखावयास शिकतें. अशी एक लस कॅनडांत २००५ सालीं सालमनसाठीं मंजूर झाली. आतां नोंद वाचण्यास दप्तर चालविणारी पेशी लागते, आणि माशाच्या रक्तांत अशा पेशी विपुल आहेत. म्हणून स्पेनमधील संशोधकांनीं ट्राऊटच्या तांबड्या पेशींतच लशीचा तुकडा घालून पाहिला. पेशींनीं तो वाचला व प्रतिकाराचीं द्रव्यें तयार केलीं, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. ही अद्याप प्रयोगशाळेंतील गोष्ट आहे, बाजारांतील नव्हे. तरी पुढील काळांत माशांच्या लशी अधिक गुणकारी करण्यास हा मार्ग उपयोगीं पडेल, अशी आशा करण्यास जागा आहे.

आपल्या तळ्यांत काय पाहावें

वरील विवेचनाचें सार एवढेंच कीं, माशाचें रक्त राखणें म्हणजे त्याचा श्वासही राखणें व त्याचे राखणदारही राखणें होय. रक्त घटलें म्हणजे प्राणवायूचा पुरवठा तुटतो हें पूर्वींपासून ठाऊक आहे. पण त्याबरोबर गस्त घालणाऱ्यांची संख्याही घटते, हें आतां ध्यानांत घ्यावयास हवें. यासाठीं खर्चिक साधनांची गरज नाहीं. पुढील गोष्टी पाळाव्या.

१. दर पंधरवड्यास जाळें टाकून चारदोन मासे काढावे व त्यांचे कल्ले पाहावे. फिकेपणा दिसल्यास अंगावर माशांची ऊ अथवा जळवा आहेत काय हें तपासावें. हे जीव माशाचें रक्त शोषतात, आणि त्यांनीं केलेल्या जखमांतून दुसरे जंतु आंत शिरतात.

२. कल्ले व रक्त तपकिरी दिसल्यास पाण्याकडे संशय न्यावा. खाद्य गरजेपेक्षां अधिक टाकलें म्हणजे उरलेलें खाद्य व माशांची विष्ठा कुजून अमोनिया होतो, व त्यापासून नायट्राइट नांवाचा क्षार तयार होतो. हा क्षार कल्ल्यांतून रक्तांत शिरून हिमोग्लोबिनाचें असें रूपांतर करतो कीं त्यास प्राणवायु धरतां येत नाहीं. तळें पाण्यानें भरलेलें, पाण्यांत प्राणवायुही आहे, तरी मासा गुदमरतो. अशा वेळीं खाद्य तत्काळ बंद करावें, कांहीं पाणी काढून ताजें पाणी सोडावें. पाण्यांत साधें मीठ घातल्यानेंही गुण येतो, कारण मिठांतील क्लोराइड नायट्राइटास कल्ल्यांतून आंत येऊं देत नाहीं. मिठाचें प्रमाण मात्र पाणी तपासून जाणत्याच्या सल्ल्यानें ठरवावें.

३. पहाटे तळ्यावर जावें. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून हवा घेत असतील तर पाण्यांतील प्राणवायु कमी झाला आहे. माशांची दाटी कमी करावी व पाणी खेळतें ठेवावें.

४. माशांची मर होऊं लागतांच दुकानांतून मिळेल तें औषध तळ्यांत ओतण्याची घाई करूं नये. जंतूंवर चालणारी प्रतिजैविक औषधें विषाणूवर चालत नाहींत. रोग विषाणूचा असेल तर पैसा जातो, औषधाचा अंश माशांत उरतो, आणि पाण्यांतील जंतु त्या औषधास निर्ढावतात. रोगाचें निदान आधीं, औषध मागाहून, हा क्रम सोडूं नये.

५. नवें बीज आणल्यावर तें एकदम मोठ्या तळ्यांत सोडूं नये. लहान हौदांत कांहीं दिवस निराळें ठेवून पाहावें. रक्तांत दबलेला रोग वरून दिसत नाहीं, हें नॉर्वेच्या उदाहरणावरून कळलेंच आहे. एका तळ्यांतील जाळें दुसऱ्यांत घालण्यापूर्वीं धुऊन कडक उन्हांत वाळवावें.

६. मेलेले मासे तळ्यांत कुजूं देऊं नयेत व ओढ्यांत अथवा पाटांत फेंकूं नयेत. चुना टाकून खोल पुरावे. आपल्या तळ्यांतील रोग खालच्या शेजाऱ्याच्या तळ्यांत पोंचविणें हा अन्याय होय.

७. तपासणीसाठीं मासा पाठवावयाचा झाल्यास जिवंत अथवा नुकताच मेलेला, बर्फांत ठेवून पाठवावा. मरून बराच वेळ झालेल्या माशाच्या रक्तावरून कांहींच सांगतां येत नाहीं. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कचेरींत याविषयीं विचारणा करावी. मुंबईस वर्सोवा येथें १९६१ सालीं स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे; तेथें माशांच्या रोगांचा अभ्यास चालतो.

ज्यानें तळ्यासाठीं कर्ज काढलें त्याचा हप्ता मासे मेले म्हणून थांबत नाहीं. माशाचें दुखणें पाण्याखालीं चालतें, व वर दिसूं लागतें तेव्हां पुष्कळदां उशीर झालेला असतो. अशा धंद्यांत जो आधीं पाहील तोच वांचेल. कल्ल्यांचा लाल रंग हा केवळ ताज्या माशाची खूण नसून, आंतील असंख्य लहान राखणदार आपापल्या जागीं हजर असल्याची ती हजेरी आहे, असें समजून मत्स्यपालकांनीं ती दर पंधरवड्यास घ्यावी.